कामाचे स्वरूप, पन्नास शब्दांत

खांबेटेसाहेबांच्या निवृत्तीला अकरा महिने राहिले होते, तेव्हा त्यांच्या टेबलावर ती यादी येऊन पडली. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचे. त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि उरलेलं त्यांनी डबा खाता खाता मला सांगितलं.

श्यामसुंदर खांबेटे महापालिकेच्या आस्थापना विभागात उपअधीक्षक होते. कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, बढत्या, पगाराच्या श्रेण्या, निवृत्ती, हे सगळं कागदावर सांभाळायचं काम आमच्या विभागाकडे आहे. साहेबांचा जन्म कसबा पेठेतला. लग्नानंतर ते कोथरूडला सोसायटीत राहायला गेले. बत्तीस वर्षं नऊ चाळीसला स्कूटर लावायची, एक दहाला डबा उघडायचा, सहा दहाला स्कूटर काढायची, यात कधी बदल नाही. बोलणं बेताचं, आणि तेही असं की ऐकणाऱ्याने पुन्हा विचारायच्या भानगडीत पडू नये. एकदा एक गृहस्थ तिसऱ्यांदा चौकशीला आले, आमची फाईल कुठवर आली म्हणून. साहेब मान वर न करता म्हणाले, "ती कुठेही येत नाही. येता ते तुम्ही."

त्या वर्षी सगळ्या पदांची वर्गवारी आणि वेतनश्रेणी नव्याने ठरवायची होती. त्यासाठी एक समिती नेमली होती आणि समितीपुढे तीनशे बारा पदांची माहिती मांडायची जबाबदारी साहेबांवर आली होती. तक्त्यात पाच रकाने होते. पदाचं नाव, सध्याची श्रेणी, पात्रता आणि संख्या हे चार आमच्याकडे तयारच होते. पाचवा रकाना 'कामाचे स्वरूप, पन्नास शब्दांत' हा होता आणि तो ज्या त्या खात्याने भरून पाठवायचा होता. खात्यांनी तो पाठवलाही. तीनशे बारापैकी दोनशे चाळीस पदांपुढे एकच वाक्य होतं : वरिष्ठांनी नेमून दिलेली कामे करणे.

साहेबांनी तक्ता शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "ऋतुजा, या हिशेबाने शववाहिनीचा चालक आणि बालवाडीची सेविका उद्या आपापली कामं बदलून घेऊ शकतात. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

समितीच्या मदतीला खराडीच्या एका सल्लागार कंपनीतून सलोनी नावाची मुलगी आली होती. वय पंचवीस-सव्वीस, लॅपटॉपवर हात वाऱ्यासारखा चालायचा. तिचं म्हणणं होतं, सर, आपण टेम्प्लेट करू, एका कॅटेगरीला एकच टेक्स्ट, दोन दिवसांत काम संपेल. साहेबांनाही ते पटण्यासारखं होतं, कारण बत्तीस वर्षं त्यांनी साधारण तेच केलं होतं. पण यादीत एकशे एकोणसत्तराव्या ओळीत त्यांना 'पखालजी' हे पद दिसलं. संख्या एक. पुढे लिहिलेलं : भरलेले.

चामड्याच्या पखालीतून पाणी वाहून नेणारा माणूस आज महापालिकेत कुठे असेल, हे काही केल्या त्यांच्या लक्षात येईना. त्यांनी फोन केले. दुसऱ्या दिवशी खाकी शर्टातले एक चाळिशीचे गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, "मी कोंडीराम. पखालजी."

कोंडीराम एका प्रसूतिगृहात ऑक्सिजनची व्यवस्था बघत होते. कोणता सिलिंडर कधी बदलायचा, नळीत दाब किती, नवजात बाळांच्या खोलीत किती सोडायचा, सगळं त्यांच्याकडे. रिकामी असलेली जागा म्हणून त्यांना कधीतरी त्या पदावर घेतलं होतं आणि पगार त्या पदाचाच मिळत होता. साहेबांनी विचारलं, पखाल कधी पाहिलीत का. कोंडीराम म्हणाले, नाही पाहिली, पण मुलीने पुस्तकात चित्र दाखवलंय.

कोंडीराम गेल्यावर साहेबांनी तक्ता मिटून बाजूला ठेवला. मग सलोनीला म्हणाले, "आपण जाऊन बघू या."

"कुठे, सर?"

"सगळीकडे."

उपायुक्तांनी परवानगी दिली, कारण यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. आणि मग आमच्या विभागाने कधी पाहिलं नव्हतं ते सुरू झालं. नऊ चाळीसला टेबल रिकामं. खांबेटेसाहेब स्कूटरवर, मागे सलोनी, मांडीवर लॅपटॉपची पिशवी, आणि दोघं शहरभर.

ते जलतरण तलावावर गेले. कोंडवाड्यात गेले. अग्निशमन केंद्रात शिडीवर चढून बघा असं जवानांनी म्हटलं, तर साहेब खरोखरच सात पायऱ्या चढले, आणि मग उतरता येईना म्हणून दोन जवानांना वर जावं लागलं. तिथे त्यांना चहा मिळाला आणि शिरस्त्राण घालून फोटोही. तो फोटो त्यांनी आपणहून मला दाखवला. बत्तीस वर्षांत त्यांनी आम्हाला स्वतःचा एकही फोटो दाखवला नव्हता.

रोपवाटिकेत 'बिगारी' म्हणून नोंद असलेला माणूस गुलाबाची कलमं बांधत होता. त्याने बांधलेली शंभरातली पंच्याण्णव जगतात, असं तिथला अधिकारी म्हणाला. प्रसूतिगृहात एका आयाबाईंनी तासाभरापूर्वी जन्मलेली मुलगी साहेबांच्या हातात दिली आणि त्या दुसऱ्या बाईकडे धावल्या. साहेब वीस मिनिटं तसेच उभे. सलोनी सांगते, ते कुजबुजत त्या मुलीला आपलं पूर्ण नाव आणि हुद्दा सांगत होते. त्या रात्री त्यांनी आयांच्या पाचव्या रकान्यात पहिलं वाक्य लिहिलं : जन्मलेल्या बालकाशी प्रथम बोलणे.

घरी साहेबांच्या पत्नी पद्मजाताईंनाही बदल जाणवला होता. त्या निवृत्त शिक्षिका, बोलण्यात साहेबांना भारी. एकदा फोनवर मला म्हणाल्या, "काय करताय तुम्ही लोक यांना? तीस वर्षं जेवताना 'मीठ द्या' एवढंच बोलायचे. काल मला नाल्यात उतरायची पद्धत समजावून सांगत होते. भात गार झाला."

सप्टेंबरच्या अखेरीस पाणीपुरवठा विभागाची पाळी आली. गळती शोधण्याचं काम बघायचं होतं, आणि ते पाणी सुटतं तेव्हाच होतं, म्हणून सकाळी सहाला कसबा पेठेत जायचं ठरलं. त्या दिवशी मीही गेले.

गल्लीच्या तोंडाशी एक बाई आमची वाट बघत होत्या. पन्नाशीच्या, हिरवी साडी, वर महापालिकेचं जाकीट, हातात खांद्याएवढ्या उंचीची लोखंडी सळई. सळईच्या वरच्या टोकाला लाकडी गोळा बसवलेला. या मथुराबाई. नवरा पाणीखात्यात होता; तो वारल्यावर बावीस वर्षांपूर्वी त्याच्या जागी यांना घेतलं. कागदावर बिगारी. खात्यातल्या एका म्हाताऱ्या फिटरने त्यांना जमिनीला कान लावायला शिकवलं, आणि तो निवृत्त झाल्यापासून पेठांमधल्या गळत्या मथुराबाईच शोधत होत्या.

त्या भागात चार दिवस पाणी कमी दाबाने येत होतं आणि रस्त्यावर ओल तर कुठेच नव्हती. मथुराबाई कामाला लागल्या. सळईचं टोक जमिनीवर टेकवायचं, लाकडी गोळ्याला कान लावायचा, डोळे मिटायचे, दोन पावलं पुढे जायचं. दूधवाला सायकल हातात धरून थांबला. तांब्याच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर उघडणारे काका शटर अर्ध्यावर धरून उभे राहिले. त्यांना हे माहीत असावं. कुणी सांगितलं नाही तरी सगळी गल्ली गप्प झाली.

एका जागी त्या थांबल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. मग सलोनीला जवळ बोलावून म्हणाल्या, "कान लाव. काय ऐकू येतं?"

सलोनी म्हणाली, पाणी वाहतंय.

"ते कुणाची तरी टाकी भरतीय. ते भरलं की थांबंल. आता इथं लाव."

सलोनीने कान लावला आणि तिचा चेहराच बदलला. मग मी लावला. बारीक, एकसारखा, न थांबणारा आवाज होता, चहाचं आधण उकळायच्या आधी करतं तसा. शेवटी साहेबांनी लावला. चष्मा काढून, डोळे मिटून ते तिथे किती वेळ वाकून उभे होते कोण जाणे. सलोनीने आपला फोन लाकडी गोळ्याला चिकटवून दोन्ही आवाज टिपून घेतले.

मथुराबाईंनी खडूने फुली मारली. कामगारांनी फरशी काढून खणलं. साडेतीन फुटांवर जुना पाइप सापडला आणि त्याच्या सांध्यातून पाण्याची धार मातीतून थेट खालच्या गटारात चालली होती. फुलीपासून वीतभरसुद्धा अंतर नव्हतं. भांडीवाल्या काकांनी सगळ्यांना चहा मागवला.

चहा पिताना साहेबांनी विचारलं, इतकी वर्षं बिगारीच्या पगारावर आहात, कधी अर्ज नाही केलात का. मथुराबाई सहज म्हणाल्या, केला होता की, अकरा वर्षं झाली. उत्तर आलं, पद मंजूर नाही म्हणून. त्यांच्या सांगण्यात तक्रार नव्हती. बस उशिरा येते हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

ऑफिसात आल्यावर साहेबांनी डबा उघडला नाही. ते रेकॉर्डरूममध्ये गेले आणि तीन वाजता एक फाईल घेऊन आले. अर्ज होता. त्यावर तीन ओळींची टिपणी होती : सदर नावाचे पद मंजूर नाही. अर्जदार नेमून दिलेली कामे करीत आहेत. अर्ज निकाली काढण्यात यावा. खाली सही होती, आणि ती सही मी रोज बघायचे. खांबेटेसाहेबांचीच होती.

मी म्हटलं, साहेब, नियमाप्रमाणे बरोबरच होतं.

"बरोबर होतं," ते म्हणाले. "वाचायला मला चार मिनिटं लागली असतील. तेवढ्यात चालत गेलो असतो तर कसबा पेठेच्या निम्म्या वाटेपर्यंत पोचलो असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते एकटेच पुन्हा तिथे गेले. काय बोलायचं हे ठरवून गेले होते, पण तिथे गेल्यावर फक्त एवढंच बोलले की तो अर्ज मी निकाली काढला होता. मथुराबाई म्हणाल्या, "मला ठाव हाय साहेब. सही वाचता येती मला." मग त्यांनी सळई साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आलाच हायसा तर तेवढं त्या कोपऱ्यापासनं ऐकत चला. मला दोन गल्ल्या उरकायच्यात." साहेबांनी दीड तास ती सळई धरली. त्यांना एकही गळती सापडली नाही. एका ठिकाणी त्यांनी खात्रीने खूण करायला सांगितली, तर ते कुणाचं तरी धुण्याचं मशीन निघालं. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते इतके हसले की पलीकडच्या टेबलांवरून लोक वळून बघायला लागले.

जानेवारीत समितीची बैठक झाली. पाच अधिकारी, मधे अतिरिक्त आयुक्त. मी फायली घेऊन मागे उभी होते. अशा बैठकांत साहेब नेहमी भिंतीशी बसायचे आणि विचारलं तरच बोलायचे.

तक्ता वाचायला घेतल्यावर पहिल्या काही पानांत हशा झाला. 'जन्मलेल्या बालकाशी प्रथम बोलणे' यावर एका अधिकाऱ्याने पेन्सिल मारली, ही काय भाषा आहे म्हणून. साहेबांनी ते वाक्य सोडून दिलं. आयांची श्रेणी वाढवायला मात्र समितीने मान्यता दिली. कोंडीराम यांचं पद पाच मिनिटांत बदललं, कारण पखालजीवर वाद घालायला कुणीच तयार नव्हतं. गुलाबाच्या कलमांचं मात्र काही जमलं नाही. तो विषय पुढच्या बैठकीवर गेला आणि मी हे लिहीत असेपर्यंत तो पुढच्या बैठकीवरच आहे. साहेबांना ते अजून खुपतं.

मग गळती शोधणाऱ्यांचा विषय आला. शहरात असे नऊ जण होते, सगळे बिगारी. साहेबांनी नवं पद सुचवलं होतं, गळतीशोधक, आणि त्याला कुशल कामगारांच्या वरच्या श्रेणीतला पगार. लेखा विभागाचे अधिकारी म्हणाले की असं प्रत्येकाला नवं पद द्यायला लागलो तर महापालिकेत बिगारी उरणारच नाही कुणी.

साहेब उभे राहिले. "बिगारी आधीही नव्हतेच, साहेब. आपण तसं लिहीत होतो."

साहेबांनी सलोनीकडे बघितलं. तिने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि सांगितलं की दोन आवाज आहेत, एक घरातली टाकी भरतानाचा आणि एक फुटलेल्या पाइपचा, कोणता कुठला ते आपण सांगायचं. पाचही अधिकारी पुढे वाकले. पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. पुन्हा लावा म्हणाले. दुसऱ्यांदा अतिरिक्त आयुक्तांनी हात वर करून पंखा बंद करायला सांगितला. तिसऱ्यांदा लेखा अधिकाऱ्यांनी फोन उचलून स्वतःच्या कानाला लावला. मग पाचांनी आपापलं उत्तर कागदावर लिहिलं. तिघांचं चुकलं.

लेखा अधिकारी त्या तिघांत होते. ते जरा ओशाळले. साहेब गंभीरपणे म्हणाले, "चुकलं तरी चालेल, साहेब. आपल्या पदाला ती अट नाही."

क्षणभर मला वाटलं, आता संपलं. पण पहिल्यांदा हसले ते लेखा अधिकारीच, आणि मग सगळेच. हसू ओसरल्यावर त्यांनीच शंका काढली की या श्रेणीला आयटीआयचं प्रमाणपत्र लागतं आणि या नऊ जणांतल्या कुणाकडेच ते नाही. याचं उत्तर साहेबांकडे तयार होतं. आज हे काम करणाऱ्यांची प्रत्यक्ष कामाची चाचणी घ्यावी, पास होतील त्यांना प्रमाणपत्राची अट माफ, आणि पुढे नव्याने येणाऱ्यांना ती लागू. नियमांत अशी सवलत कुठे आहे तो क्रमांकही त्यांनी सांगितला. बत्तीस वर्षं कागद वाचल्याचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा होता, असं नंतर मला म्हणाले.

चाचणी मार्चमध्ये जलकेंद्राच्या आवारात झाली. मथुराबाईंनी परीक्षकांनी पुरलेल्या पाइपातली गळती दहा मिनिटांत दाखवली आणि मग म्हणाल्या, अजून एक आवाज येतोय, तो पण सांगू का. तो अभियंत्यांच्या केबिनमागच्या न्हाणीघरातला अर्धवट बंद केलेला नळ होता. आठ जण पहिल्या फेरीत पास झाले, नववा दुसऱ्या फेरीत.

साहेब जूनमध्ये निवृत्त झाले. शासनाची मंजुरी यायला ऑक्टोबर उजाडला. आदेश वाटायचा कार्यक्रम एका छोट्या सभागृहात होता. साहेब आणि पद्मजाताई कोथरूडहून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. सलोनीनेही खराडीहून सुट्टी काढली होती. एकेकाचं नाव आणि नवं पद वाचून दाखवत होते. कोंडीराम यांचं 'ऑक्सिजन तंत्रसहायक' असं वाचल्यावर त्यांच्या मुलीने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की पुढचं नाव ऐकूच आलं नाही, परत वाचावं लागलं.

मथुराबाई आदेश घेऊन खाली आल्या त्या सरळ माझ्याकडे. त्यांना वाचता येत होतं, तरी म्हणाल्या, तू वाच. मी वाचलं : श्रीमती मथुराबाई, गळतीशोधक. म्हणाल्या, परत वाच. मी परत वाचलं. मग कागदाची घडी घालून त्यांनी तो ब्लाउजमध्ये ठेवला आणि शेवटच्या रांगेकडे गेल्या. साहेब उठून उभे राहिले. दोघंही बोलण्यात फारसे तरबेज नव्हते. साहेब म्हणाले, अभिनंदन. त्या म्हणाल्या, "चला, मिसळ खाऊ. आज पैसे मी देणार." पद्मजाताई उठता उठता म्हणाल्या, "द्या, द्या. यांचं पेन्शन बिगारीपेक्षा बरं आहे, पण खिशातून हात बाहेर निघत नाही."

आम्ही सहा-सात जण गेलो. मथुराबाईंनी प्रत्येकाला जास्तीचा पाव घ्यायला लावला. साहेबांना तिखट झेपत नाही. ते डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत पद्मजाताईंना गटाराचा आवाज आणि पाण्याचा आवाज यांतला फरक समजावत होते, आणि मधेच मथुराबाई त्यांना दुरुस्त करत होत्या.

पुढच्या महिन्यात वाढीव पगार जमा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मथुराबाई आमच्या विभागात आल्या. काही काम नव्हतं. पायात नवे, करड्या रंगाचे, जाड तळव्याचे बूट होते. कपाटांच्या दोन रांगांमधून त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेल्या आणि परत आल्या. सगळ्यांनी पेनं खाली ठेवून बघितलं.

"चांगले आहेत," मी म्हटलं. "टोचत नाहीत ना?"

"टोचायचं जाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा दोन पावलं टाकून दाखवली. "आवाज न्हाय यांचा. बघ. काहीच ऐकू येत न्हाय."